आईची हूल

रविवारी दुपारची जेवणं उरकली की चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत पत्ते बसायचे, हा त्या घराचा रिवाज दुकानाइतकाच जुना होता. ज्या टेबलावर आठवडाभर लोकांचे डोळे तपासले जायचे तेच टेबल खोलीच्या मधोमध ओढलं जायचं, नंबर काढायची अक्षरांची पाटी भिंतीवर तशीच राहायची, आणि घरातले सगळे पोकर खेळायला बसायचे. पैसे लावून मात्र कधीच नाही. पैसा मध्ये आला की माणसं पत्त्यांकडे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत, असं आईचं म्हणणं. पैशांऐवजी काचा होत्या. नवी फ्रेम येते तेव्हा तिच्यात कारखान्याने प्लास्टिकची नकली काच बसवलेली असते. गिऱ्हाइकाच्या नंबरची खरी काच बसवताना ती काढून फेकायची. आईने उभ्या जन्मात एकही फेकली नाही. बिनरंगाची काच सगळ्यात हलकी, तपकिरी तिच्या कितीतरी वर, आणि गॉगलची काळी काच म्हणजे एकदम वजनदार. अशा काचांचे दोन डबे भरले होते आणि घरातल्या दागिन्यांपेक्षा त्यांची जास्त बडदास्त असायची.

या रविवारी मात्र खेळात कुणाचं मन नव्हतं. दादा आणि वहिनी सकाळीच त्यांच्या शहरातून आले होते ते काही पत्ते कुटायला नव्हे. त्यांच्या घराजवळच्या शुश्रूषाकेंद्रात एक खाट रिकामी झाली होती. आईला तिकडे पाठवायचं की नाही, हे उद्या सकाळपर्यंत कळवायचं होतं.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आईचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा आणि तोंडात एकच शब्द उरला होता. तो शब्द म्हणजे ‘बरं’. जेवायचं का? बरं. नको का? बरं. खिडकी लावू? बरं. उघडू? बरं. जिने आयुष्यभर गिऱ्हाइकांना बोलून बोलून गुंडाळलं, तिच्यापाशी देवाने शिल्लक ठेवावा तो नेमका सगळ्यांना हो म्हणणारा शब्द, यावर मामा एकदा हसला होता आणि मग आत जाऊन रडला होता. वाचा शिकवायला येणारी बाई आईसमोर चित्रं मांडायची. कप दाखवा, कंगवा दाखवा. आई चित्रांकडे न बघता त्या बाईच्या चष्म्याकडे बघत बसायची. समजतं किती ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त जास्त वेळ लावून.

“काहीच कळत नाही तिला,” दादा सकाळी स्वयंपाकघरात म्हणाला होता. “मी विचारलं, आई, तिकडे येशील? म्हणाली बरं. मग विचारलं, इथेच राहशील? म्हणाली बरं. आता तूच सांग, यातलं कुठलं धरू?”

“कळतं तिला,” धाकटी बहीण म्हणाली.

“कशावरून?”

धाकटीला उत्तर देता आलं नाही. दुकान आता ती चालवायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवता उतरवताना तिचा एक कान सतत मागच्या खोलीकडे असायचा. एकदा आई न्हाणीघरात पडली तेव्हा धाकटी बाहेर एका म्हातारबुवांना ‘हे स्पष्ट की हे?’ विचारत होती, आणि म्हातारबुवा काही ठरवेनात. आईला कळतं हे ती कशावरून म्हणत होती, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. रात्री आडवी झाली की वाटायचं, आपण उगाच स्वतःची समजूत घालतो आहोत. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दादाचंच खरं निघालं तर आपण सुटू, असंही एक वाटायचं. त्या वाटण्याची तिला भीती वाटायची.

“तुझं तोंड बघ आरशात,” दादा मऊ आवाजात म्हणाला. “किती दिवस ओढशील एकटी? तिला जर कळतच नसेल तर ती इथे काय आणि तिथे काय.”

यात वाईट काही नव्हतं. दादा काही दुष्ट नव्हता. तो विमा कंपनीत लोकांचे नुकसानभरपाईचे दावे तपासायचा. खोटं पकडणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही त्याची सवय त्याच कामातून आलेली.

तर अशा मनःस्थितीत पाचजण टेबलाभोवती बसले. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नेहमीप्रमाणे पत्ते वाटायला. तो होता न्हावी, बोटं अजून चपळ. त्याच्या शेजारी वहिनी, जिला पोकर कधीच आलं नाही आणि त्याची तिला खंतही नव्हती. मग दादा. दादाच्या समोर आई. आईच्या डाव्या हाताला धाकटी. आईला एका हाताने पत्ते धरता येत नसत म्हणून धाकटीने चष्मे उभे ठेवायची खाचांची लाकडी पट्टी तिच्यासमोर ठेवली होती. खाचेत दोन पत्ते उभे राहत आणि ते आईलाच दिसत.

खेळ साधा होता. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, ते फक्त आपल्याला ठाऊक. टेबलावर पाच पत्ते उघडायचे, ते सगळ्यांचे: आधी तीन, मग एक, मग शेवटचा. दर टप्प्याला काचा लावायच्या. कुणी लावल्या की बाकीच्यांनी तेवढ्याच भरून पुढे यायचं नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. शेवटी ज्याचे पाच पत्ते सरस त्याचा ढीग. पण एक सोडून बाकी सगळ्यांनीच पत्ते टाकले तर उरलेल्याने ढीग उचलायचा, आणि हातात काय होतं ते दाखवायचं नाही. या शेवटच्या नियमावरच सगळी गंमत उभी होती. हातात दमडीचा पत्ता नसताना दुसऱ्याला पळवून लावता आलं पाहिजे. त्याला त्या घरात हूल म्हणत.

हूल द्यावी तर आईने. मुलं लहान असताना आई ढीग ओढून घ्यायची आणि दोघं तिच्या गळ्यात पडायची, दाखव ना, आई, होतं का काही? आई पत्ते उलटेच गड्डीत सारायची. बघायचं होतं तर काचा भरायच्या होत्या, एवढंच म्हणायची. इतक्या वर्षांत कुणी काचा भरून न बघितलेला पत्ता तिने एकदाही उघडून दाखवला नव्हता. मामा म्हणायचा, ताई मेली तरी तिच्या हातातले पत्ते उलटेच राहतील. किती काचा लावायच्या हे मात्र तिने शिकवलं होतं. “आपल्या पत्त्यांकडे बघून लावायच्या नाहीत. समोरच्याकडे बघून लावायच्या. तो पळावा असं वाटत असेल तर मोठी रक्कम. तो यावा असं वाटत असेल तर त्याचा हात पोचेल एवढीच.” दुकानातही ती असंच करायची. ज्या गिऱ्हाइकाला कटवायचं त्याला सगळ्यात भारी फ्रेम आधी दाखवायची.

झटक्यानंतरही रविवारचा खेळ धाकटीने सोडला नाही. आई बसायची, काचा लावायचीही, पण त्यात काही ताळमेळ दिसत नव्हता. कधी क्षुल्लक डावात काळ्या काचा ढकलायची, कधी एकच बिनरंगाची. आणि मग घरात एक न बोलता ठरलेली गोष्ट सुरू झाली. आईने काचा लावल्या की सगळ्यांनी पत्ते टाकायचे. मामा टाकायचा, शेजारून खेळायला येणारे टाकायचे, धाकटीसुद्धा टाकायची. हातात चांगले पत्ते असले तरी टाकायचे, कारण ढीग आपल्याकडे आला की तिला बरं वाटत असेल. आई ढीग ओढून घ्यायची आणि प्रत्येकाकडे आळीपाळीने बघायची. त्या बघण्यात आनंद नव्हता, हे धाकटीला दिसलं होतं, पण तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

आज पहिल्याच डावात आईने काचा लावल्या आणि मामाने, वहिनीने, धाकटीने मुकाट पत्ते टाकले. दादाने टाकले नाहीत.

“दादा,” धाकटी हळूच म्हणाली.

“मी खोटं खेळणार नाही,” तो म्हणाला. “पत्त्यांत नातं धरायचं नाही, हे तिनेच शिकवलंय. तेवढा मान तरी ठेवू दे.”

त्याने काचा भरल्या. आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. तो डाव दादाने जिंकला. आईकडे नुसती एक जोडी होती. दादाने ढीग ओढून घेतला तेव्हा त्याचाच चेहरा पडला होता आणि आई मात्र खुर्चीत थोडी सरळ होऊन बसली होती.

त्यानंतर खेळाची चाल बदलली. बदलली हे आधी धाकटीच्या लक्षात आलं नाही, कारण ती सकाळचंच बोलणं मनात घोळवत होती. आई आता पुष्कळसे डाव सोडून देऊ लागली. डाव्या हाताच्या बोटाने खाचेतले पत्ते पालथे पाडायची आणि बाकीच्यांचा खेळ बघत बसायची. एका डावात मात्र ती राहिली. शेवटचा पत्ता उघडल्यावर तिने मधल्या ढिगाच्या निम्म्या काचा मोजून पुढे सारल्या. दादाकडे दोन जोड्या होत्या, त्याने लगेच भरल्या. आईने पट्टी पुढे ढकलली. तीन सत्त्या.

“लागला आकडा,” दादा म्हणाला.

दोन-चार डावांनी पुन्हा तसंच. पुन्हा शेवटी ढिगाच्या निम्म्या काचा. दादाने क्षणभर विचार करून भरल्या, आणि आईकडे ओळीने पाच पत्ते निघाले. या वेळी दादा आकडा वगैरे काही बोलला नाही. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं.

“आई, तुम्ही माझ्या वाट्याच्या पण खेळा बाई,” वहिनी आपल्या उरलेल्या काचा गोळा करत म्हणाली. “मला राजा आणि गुलाम अजून सारखेच दिसतात.”

“डोळे तपासून घे,” मामा म्हणाला. “योग्य दुकानात बसली आहेस.”

सगळे हसले. वहिनीने चहा केला. आणि मग तो डाव वाटला गेला.

धाकटीने सुरुवातीलाच पत्ते टाकले, मामानेही. वहिनी, दादा आणि आई राहिले. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले: इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची तिर्री. दादाने कप उचलून चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच निवलेला होता. हातात भारी पत्ते असले की दादा निवलेला चहा पितो, ही त्याची खोड बहिणीला लहानपणापासून ठाऊक होती; लहानपणी तो दूध प्यायचा. त्याने बऱ्यापैकी काचा लावल्या. वहिनी म्हणाली, “माझ्याच्याने नाही व्हायचं,” आणि तिने पत्ते टाकले.

आईने बोटाने खाचेतले दोन्ही पत्ते जरा मागे कलते केले, पुन्हा एकदा नीट पाहिले आणि सरळ केले. टेबलावर एकाच छापाचे दोन पत्ते आले की माणूस असं करतो. आपल्या हातातले दोन त्याच छापाचे आहेत ना, याची खात्री करून घेतो. तसे दोन असतील तर आणखी एक इस्पिक उघडलं की पाच इस्पिक होतात, आणि त्यापुढे जोड्या-बिड्या सगळ्या फिक्या. दादाने ते कलतं करणं पाहिलं. आईने त्याच्याएवढ्या काचा भरल्या.

चौथा पत्ता किलवरची नव्वी. कुणाच्या कामाची नव्हती. दादाने या वेळी जास्त काचा लावल्या, इस्पिकची वाट बघणाऱ्याला ती वाट महाग पडावी म्हणून. आईने बराच वेळ घेतला. बिनरंगाच्या काचा एकेक करून सरकवत तिने भरणा पुरा केला. तिच्यापुढे आता मोजक्याच तपकिरी काचा आणि दोन-तीन काळ्या उरल्या.

मामाने शेवटचा पत्ता उघडला. इस्पिकची अठ्ठी.

दादाने कप खाली ठेवला. “पास,” तो म्हणाला, म्हणजे काचा न लावताच पाळी आईकडे दिली.

आईने डावा हात उचलला, एक काळी काच बोटाखाली घेतली आणि ती ढिगाकडे सरकवत नेली. ती एकटीच सबंध ढिगापेक्षा भारी होती. धाकटीला वाटलं, झालं, आता पुन्हा तोच ताळमेळ नसलेला खेळ. पण आईचं बोट काचेवरून उठलं नव्हतं. ती थांबली. तिने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तीच काळी काच तिने परत आपल्याकडे ओढून घेतली. बोट उचललेलं नव्हतं, त्यामुळे हे नियमात बसत होतं. आणि तिच्या जागी तिने तपकिरी काचा पुढे केल्या, निम्म्या ढिगाएवढ्या.

बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

दादा पुढे वाकला. कोपरं टेबलावर टेकवून तो त्या तपकिरी काचांकडे बघत राहिला. त्याने आपल्या काचांना हात लावला, तो काढला, पुन्हा लावला. धाकटी त्याचा चेहरा बघत होती. असा चेहरा त्याचा कामावर असताना होत असेल, असं तिला वाटलं. तो एकदा म्हणाला होता, खोटा दावा करणारा नेहमी जास्त मागतो, त्याला घाई असते, समोरच्याने दचकून गप्प बसावं असं त्याला हवं असतं. खरा माणूस कमी मागतो. मिळणार याची त्याला खात्री असते.

“तिने कमी केल्या,” दादा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “काळी लावली असती तर मी आलो नसतो हे तिला कळलं. म्हणून कमी केल्या. मी यावं म्हणून.”

“अहो,” वहिनी सहज म्हणाली, “त्यांना काही कळत नाही असं सकाळी तुम्हीच म्हणालात ना?”

ती टोमणा मारायला बोलली नव्हती. तिला खरोखरच कोडं पडलं होतं. पण ते वाक्य टेबलावर पडलं आणि तिथेच राहिलं. दादाने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. आई त्याच्याकडेच बघत होती, शांतपणे, गिऱ्हाइकाला दोन काचांमधली एक निवडायला सांगून वाट बघत बसायची तशी.

दादासमोर काय मांडलंय ते धाकटीला एकदम दिसलं. आईला काही कळत नाही असं त्याला वाटत असेल, तर त्या तपकिरी काचांना काही अर्थ नाही. एखाद्या लहान मुलाने काचा इकडच्या तिकडे कराव्यात तसं ते झालं, आणि हातात एवढे भारी पत्ते असताना त्याने डोळे मिटून भरणा करायला हवा. पण तो भरत नव्हता. त्याचा हात काचांवर होता आणि पुढे सरकत नव्हता.

“तू टाकू नकोस हं तिच्या समाधानासाठी,” मामा म्हणाला. “तूच म्हणालास, खोटं खेळणार नाही.”

“नाही खेळत,” दादा म्हणाला. “खरंच सांगतो, मामा. भरावं असं वाटतंय आणि भरवत नाही. इस्पिक आहेत तिच्याकडे. पहिल्या तीन पत्त्यांपासून ती वाट बघत होती. मधे मी लावल्या तेव्हा किती वेळ घेतला तिने, पाहिलंस ना? मघाशी दोनदा अशाच निम्म्या लावल्या आणि दोन्हीदा तिच्याकडे होतं. तिला ठाऊक आहे मी शिकलोय ते.” तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, “कळतंय तिला. सगळं कळतंय.”

आणि त्याने पत्ते टाकले.

मामाने खिशातून रुमाल काढला. धाकटीने आईच्या मांडीवरच्या निजल्या हातावर आपला हात ठेवला. ढीग आईचा झाला होता, डाव संपला होता, आणि सकाळच्या ‘कशावरून’ला जे उत्तर धाकटीला देता आलं नव्हतं ते दादाने स्वतःच्याच तोंडाने दिलं होतं. मामा गड्डी गोळा करायला लागला. त्याने आईच्या पट्टीकडे हात नेला.

आईने त्याचा हात धरला.

मग तो सोडून तिने डाव्या हाताने खाचेतला एक पत्ता उपसला आणि टेबलावर उताणा ठेवला. बदामची दुर्री. मामाचा हात तसाच हवेत राहिला. आईने दुसरा पत्ता उपसला. बोटांत नीट सापडेना, एकदा निसटला, तिने पुन्हा धरला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून त्याचा कोपरा जुळवला. किलवरची चव्वी.

इस्पिक नव्हतं, जोडी नव्हती, ओळ नव्हती, काहीच नव्हतं. ज्या पत्त्यांवर वहिनीसुद्धा खेळली नसती असे ते दोन पत्ते होते. दादाने आपण टाकलेले पत्ते उलटून पाहिले, जणू ते बदलले असतील. दोन एक्के होते.

धाकटीने लहानपणापासून हुली पाहिल्या होत्या, दिल्या होत्या, खाल्ल्या होत्या. पण अशी हूल तिने कधी पाहिली नव्हती आणि पुढेही पाहणार नव्हती. पत्ते हातात पडले तेव्हाच ते भिकार आहेत हे आईला दिसलं होतं. इतका वेळ ती भिकार पत्ते टाकत आली होती, हे तिने ठेवले. दोन इस्पिक उघडल्यावर तिने ते उगाच कलते करून पाहिले, कारण दादा बघतो आहे हे तिला ठाऊक होतं. मधे भरायला वेळ लावला तोही मोजून. त्याआधी दोन डाव तिने खरे दाखवले होते, तिने निम्मा ढीग लावला की तिच्याकडे पत्ते असतातच हे त्याच्या मनात बसावं म्हणून. आणि ती काळी काच. ती पुढे नेताना दादाच्या डोळ्यांत काय उमटतं ते तिने पाहिलं आणि मगच ती मागे घेतली. काळी काच बघून तो म्हणाला असता, आई काहीतरीच करते आहे. कमी केलेल्या काचा बघून त्याला म्हणावं लागलं, आई विचार करते आहे. ज्याला आपण विचारच करत नाही असं वाटतं त्याला हूल देता येत नाही. आधी त्याच्याकडून ते कबूल करून घ्यावं लागतं. आणि आईने हे सगळं एका हाताने, एक शब्दही न बोलता केलं होतं.

मग धाकटीला गेल्या कित्येक रविवारांतल्या त्या वेड्यावाकड्या काचा आठवल्या. कधी काळ्या, कधी एकच बिनरंगाची, आणि सगळ्यांचं पत्ते टाकणं, आणि त्यानंतरचं आईचं ते एकेकाकडे बघणं. आई प्रत्येकाचा नंबर काढत होती. कोण आपल्याला किती पाहतो, कुणाला आपण दिसतच नाही, हे ती दर रविवारी तपासत बसली होती, आणि तिच्या काचा खऱ्या धरून भरणारा एकही माणूस तिला इतके दिवस भेटला नव्हता. आज तो भेटला होता. धाकटीला आईचा अभिमान वाटला, भीती वाटली, आणि आपण तिच्यासमोर किती वेळा दया म्हणून पत्ते टाकले ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

“ताई,” मामा म्हणाला, “तू पत्ते दाखवलेस.” “तू कधी दाखवत नाहीस.”

“बरं,” आई म्हणाली.

दादा उठला. टेबलाला वळसा घालून तो आईच्या खुर्चीपाशी आला आणि तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसला. मोठा साहेब माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि डोळे लाल. “फसवलंस मला,” तो म्हणाला. “माझ्या धंद्यात मला कुणी फसवलं नाही, आणि तू दोन भिकार पत्त्यांवर एक्के टाकायला लावलेस.” बोलता बोलता तो हसायला लागला.

आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि वाट पाहिली. अजून काहीतरी विचारायचं राहिलंय, हे दादालाही कळलं.

“आई,” तो म्हणाला, “उद्या त्या केंद्रावर कळवायचंय. मी तुला सकाळी विचारलं तेव्हा तुझं उत्तर मला कळलं नाही. आता पुन्हा विचारतो. तिकडे यायचं असलं तर पत्ते टाक. इथेच राहायचं असलं तर...” त्याने टेबलावरच्या काचांकडे पाहिलं. “तर लाव काय लावायचं ते.”

धाकटीच्या मनाच्या तळाशी सुटण्याचं जे काही होतं ते तिने तिथे शोधलं आणि तिला ते सापडलं नाही.

आई टेबलाकडे वळली. तिने ढिगाभोवती डावा हात टाकला, जिंकलेल्या सगळ्या काचा, आपल्या उरलेल्या तपकिरी, सगळ्या काळ्या, एकूण एक काच कवेत घेतली आणि जोर लावून मधोमध लोटून दिली. काही काचा टेबलावरून खाली पडून वहिनीच्या पायाशी घरंगळत गेल्या. आईने मागे काहीच ठेवलं नव्हतं. मग ती खुर्चीला टेकली आणि दादाकडे बघत राहिली.

“सगळ्या लावल्या,” वहिनी कुजबुजली. “एवढ्या म्हणजे हूल असते ना हो?”

“असते,” दादा म्हणाला. त्याने आईचा चेहरा पाहिला, बराच वेळ, जितका तो एखादा दावा तपासताना बघत असेल तितका. “ही नाही.”

त्याने हात पुढे करून आपले दोन एक्के उचलले, पालथे केले आणि गड्डीवर ठेवले.

“मी पत्ते टाकले, आई.”

“बरं,” आई म्हणाली.